आमच्या बबडीचं ‘पुले’

सकाळचे दहा वाजलेत. कुकर उतरलाय, यांचा डबा भरून गेलाय, थोरल्याची रिक्षा येऊन गेलीय. बाराच्या ठोक्याला मला शाळेत हजर व्हायचंय. आणि मी काय करतेय? वरणभाताची वाटी हातात घेऊन एका दोन वर्षांच्या मुलीच्या मागं घरभर धावतेय! स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, गॅलरीतून थेट पलंगाखाली. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, मनीमाऊचा झाला. घंटागाडीचा आणि समोरच्या आजोबांच्या स्कूटरचासुद्धा घास झाला. पाऊण तासानं वाटीकडं बघावं, तर भात जेमतेम बोटभर खाली गेलेला आणि वरून पार सुकलेला!

हसलात ना? हसा, हसा. तुमच्याही घरी हेच चाललंय किंवा चार वर्षांपूर्वी चालत होतं, म्हणूनच हसू आलं. ‘आमचा मेला काही खातच नाही हो’ हे वाक्य बोलली नाही अशी आई मला अजून भेटायची आहे. भाजीबाजारात, हळदीकुंकवाला, शाळेच्या फाटकापाशी, जिथं चार जणी जमतात तिथं हाच विषय.

पण मैत्रिणींनो, आज मी ही गोष्ट हसण्यासाठी सांगत नाही. वर रंगवलेलं चित्र आमच्या साताऱ्याच्या घरातलं, सहा महिन्यांपूर्वीचं. त्यानंतर आमच्या घरात जे घडलं, ते आठवलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो. निदान माझ्या अनुभवावरून तरी तुम्ही शहाण्या व्हावं, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

‘पोर आहे की काटकी!’

सुरुवात झाली ती एका लग्नात. मार्गशीर्षात नात्यातलं लग्न होतं. मी हौसेनं बबडीला खणाचं परकर-पोलकं शिवलं होतं. मांडवात एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला उचलून घेतलं, हाताला हात लावून पाहिला आणि चारचौघींत म्हणाल्या, “अगं बाई, ही पोर आहे की काटकी! आई दुपारभर शाळेत म्हटल्यावर बघणार कोण हिच्या खाण्याकडं?”

झालं! पुढचं जेवण मला गोड लागलं नाही. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, पाचवी-सहावीला मराठी शिकवते. बाराला जाते, चारला घरी असते. तेवढे चार तास बबडी सासूबाईंपाशी राहते आणि मजेत राहते. तरी ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. आपण बायका तरी कशा बघा! साडीला कुणी नावं ठेवली तर हसून सोडून देऊ. पण मुलाच्या अंगावर मूठभर मांस नाही म्हटलं, की ते थेट आपल्या आईपणाला लागतं. जणू मुलाची ताटली म्हणजे आपलं प्रगतिपुस्तकच!

घरी आल्यावर मी पदर खोचला. महिन्याभरात हिला गुटगुटीत करून दाखवीन, असा निश्चयच केला म्हणा ना. जेवत नाही ना? मग दूध तरी पिऊ दे. उठल्यावर एक बाटली, मी शाळेला निघताना एक, दुपारी झोपताना एक आणि रात्री एक. दुधात पावडर, वर साखर. मध्येच हातात बिस्कीट. आणि जेवताना? जेवताना मोबाईल! कार्टून लावलं की पोर पुतळ्यासारखी बसते, डोळे पडद्यावर आणि तोंड आपोआप उघडतं. आत काय जातंय याचा पत्ता नाही. आपण भराभर भरवावं. वाटी रिकामी झाली की मला गड जिंकल्यासारखं वाटायचं.

बबडी आमची बोलायला लवकर शिकली, पण ‘र’ काही जिभेवर येत नव्हता. ‘पुरे’ला ती ‘पुले’ म्हणायची. मान फिरवायची, ओठ घट्ट मिटायची आणि म्हणायची, “आई, पुले.” आणि मी म्हणायची, “एकच घास, शेवटचा.” त्या शेवटच्यानंतर आणखी चार शेवटचे असायचे.

तो शेवटचा घास

महाशिवरात्रीचा दिवस. शाळेला सुट्टी. घरात साबुदाण्याची खिचडी केली होती. आमच्या यांना खिचडीत कुटाबरोबर थोडे अख्खे दाणे लागतात, म्हणून मूठभर तसेच टाकले होते. बबडीला सोप्यावर बसवलं, मोबाईल लावला आणि भरवायला घेतलं. पाच-सहा घास गेले. सातव्याला तिनं मान फिरवली, म्हणाली, “पुले.” मी म्हटलं, “शेवटचा हं.” इतक्यात कार्टूनमधला ससा धपकन पडला, ही खदखदून हसली, आणि उघड्या तोंडाची संधी साधून मी चमचा आत सारला.

हसणं मध्येच तुटलं. आधी एक खोकल्याची उबळ आली, मग तीही थांबली. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले आणि आवाज मात्र कसलाच नाही. ओठ निळसर दिसायला लागले. मी तिच्या तोंडात बोट घालायला गेले. सासूबाई “पाणी, पाणी” म्हणत धावल्या.

देवाची कृपा म्हणायची ती अशी. खालच्या मजल्यावर एक नर्सताई राहतात. रात्रपाळी करून आल्या होत्या आणि सकाळी त्यांना दिलेल्या खिचडीचा डबा परत करायला नेमक्या त्याच वेळी दारात आल्या. डबा त्यांनी तिथंच टाकला. “बोट घालू नका! पाणी नको!” असं ओरडत बबडीला ओढून घेतलं, मांडीवर पालथी, डोकं खाली करून, आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं दोन्ही खांद्यांच्या मध्ये जोरात थोपटलं. थोपटलं कसलं, मारलंच. एक, दोन, तीन. चौथ्याला अर्धा दाणा आणि साबुदाण्याचा लगदा जमिनीवर पडला. आणि मग बबडी रडली.

मुलाचं रडणं इतकं गोड असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला पोटाशी धरून जमिनीवर बसून राहिले. ती हुंदके देत देत माझ्या खांद्यावर एकच म्हणत होती, “पुले, आई, पुले.”

डॉक्टरांची वही

दाणा निघाला तरी नर्सताई म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवाच. एखादा तुकडा आत राहिला तर नंतर खोकला, घरघर, ताप असं सुरू होतं. म्हणून तसेच आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी छाती नीट तपासली, सगळं ठीक होतं. मग विचारलं, “भरवत होतात का?”

मी घडाघडा सगळं सांगितलं. शेवटी रडतच म्हटलं, “काय करू डॉक्टर, दिवसभर काही म्हणजे काही खात नाही!”

त्यांनी एक कागद पुढं सरकवला. म्हणाले, “काल सकाळपासून तिच्या पोटात जे जे गेलं ते लिहा. दूधसुद्धा.”

मी लिहीत गेले आणि माझी मलाच लाज वाटायला लागली. चार बाटल्या दूध, म्हणजे जवळजवळ नऊशे मिलिलिटर. सात बिस्किटं. एक केळं. राजगिऱ्याचा अर्धा लाडू. आजीच्या चहात बुडवलेली दोन बोटं खारी. आणि मग तो पाऊण तासाचा वरणभात. “आता सांगा,” डॉक्टर म्हणाले, “एवढ्याशा पोटात भाताला जागा कुठं ठेवलीत तुम्ही?”

मग त्यांनी लसीकरणाचं कार्ड काढलं. त्याच्यावर वजनाच्या वाढीचा आलेख असतो. तुमच्याकडंही असेल, पण सुई टोचायच्या दिवसाशिवाय आपण ते कार्ड कधी उघडतो का? जन्माचं वजन २.८ किलो. पहिल्या वाढदिवसाला ८.६. दुसऱ्याला १०.७. त्यांनी मला समजावलं की पहिल्या वर्षात मूल जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग एवढा मंदावला की भूकही मंदावणारच. आपल्याला वाटतं, आधी कसं छान खायचं, आता का नाही? अहो, गाडीचा वेग कमी झाला तर पेट्रोल कमी लागणार नाही का? आमच्या बबडीची आलेखातली रेघ ज्या वळणानं निघाली होती, त्याच वळणानं वर चालली होती. ती काटकी वगैरे काही नव्हती. आपल्या चणीप्रमाणे नीट वाढणारी मुलगी होती.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ९.८. या वयात ते निदान ११ तरी हवं.

म्हणजे बघा, मी धावत होते वजनामागं आणि कमी पडत होतं ते लोह! आणि त्याला कारण माझं लाडकं दूधच. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा बाळाला साधारण सहा महिने पुरतो. पुढं तो जेवणातूनच मिळावा लागतो. दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, पण लोह जवळजवळ नाहीच. शिवाय पोट दुधानं भरलं की लोह असलेलं अन्न आत जात नाही. लोह कमी झालं की भूक आणखी मरते. भूक मेली की आई आणखी दूध पाजते. असं ते चक्र! आणि हे फक्त माझ्याच घरी नाही बरं का. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी देशात शंभरातल्या सुमारे ६७ जणांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात तर ६९ जणांना. त्यांतली सगळीच काही गरिबाघरची नसणार.

डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी लोहाचे थेंब लिहून दिले. आणि म्हणाले, “हे औषध सोपं आहे. दुसरं अवघड आहे, ते तुमच्यासाठी. आजपासून हिला भरवायचं नाही.”

अवघड औषध

नियम साधेच होते. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी आईमुलाच्या कामाची एक वाटणी सांगितली आहे, तीच डॉक्टरांनी मला सांगितली. काय करायचं, केव्हा वाढायचं आणि कुठं बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मुलानं ठरवायचं. आपण आपलं काम करायचं, तिच्या कामात हात घालायचा नाही. बस्स.

मी बी.ए. झालेली बाई, मला ते लगेच पटणार थोडंच! वाचनालयातून चार पुस्तकं आणून चाळली. त्यांत डॉ. क्लारा डेव्हिस यांचा एक जुना प्रयोग सापडला. अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांत त्यांनी नुकतं वरचं खाऊ लागलेल्या १५ बाळांपुढं भाज्या, फळं, धान्यं, अंडी, मांस, दूध असे साधे पदार्थ ठेवले. साखर नाही, तळलेलं नाही. नर्सना सक्त ताकीद होती की आग्रह करायचा नाही, बाळानं बोट दाखवलं तरच चमचा पुढं करायचा. बाळं एका वेळी चमत्कारिकच खायची. कधी नुसतीच फळं, कधी नुसतीच अंडी. पण सगळं मिळून पाहिलं तर पोषण नीट व्हायचं आणि सगळी चांगली वाढली. मात्र एक लक्षात घ्या, तिथं मांडलेलं सगळं चांगलंच होतं. बिस्किटाचा पुडा समोर असता तर बाळांनीही तोच निवडला असता!

मग ठरवलं. दूध दिवसाला दोन कप, तेही कपातून. बाटल्या बोहारणीलाच दिल्या असत्या, पण प्लॅस्टिक ती घेईना, म्हणून कचऱ्यात गेल्या. तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा थोडं खाणं, आणि बाकी वेळ फक्त पाणी. जेवायला सगळ्यांनी एकत्र जमिनीवर बसायचं. बबडीची स्वतंत्र ताटली. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची, काही न बोलता. मोबाईल बंद. आणि मोबाईल बंद म्हणजे यांचासुद्धा! पहिले दोन दिवस हे ताटावर बसून उगाच खिसे चाचपत होते. (वाचतील हे, वाचू देत.)

पहिल्या दिवशी बबडीनं ताटलीतला भात जमिनीवर रांगोळीसारखा पसरला. खाल्ला दोन घास. रात्री एक घास. दुसऱ्या दिवशी बाटलीसाठी तासभर आक्रोश. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. आणि त्या रात्री सासूबाईंचा बांध फुटला. “लेकरू उपाशी झोपलं! तुम्ही शिकलेल्या बायका, दगडाच्या काळजाच्या! माझ्या डोळ्यांदेखत हे चालणार नाही.” बोलता बोलता त्यांनी ताटलीत उरलेला चतकोर भाकरीचा तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि पदराआड तोंड केलं.

सासूबाईंची गोष्ट

मी काही बोलणार होते, पण त्यांचा हात थरथरताना पाहिला आणि गप्प बसले. थोड्या वेळानं त्या आपणहून बोलायला लागल्या. सासूबाई माणदेशातल्या. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. विहिरी आटल्या, जनावरं विकली. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर मिळायचा तो परदेशातून आलेला लाल मिलो. कामावर पोरांना सुकडी मिळायची, ती फ्रॉकच्या घोळात बांधून घरी आणायची.

“संध्याकाळी आई एका भाकरीचे तुकडे करायची,” त्या म्हणाल्या. “धाकटा भाऊ लहान होता. माझ्या हातात तुकडा यायचा आणि मी निम्मा खाऊन म्हणायचे, पुरे मला. म्हणजे उरलेला त्याला मिळायचा. भूक तर पोटात तशीच असायची. तेव्हापासून कुणी पुरे म्हटलं ना, की मला ते खरंच वाटत नाही गं. हिनं पुरे म्हटलं की वाटतं, पोर खोटं बोलतेय, अजून भूक आहे हिला.”

मी लग्न होऊन या घरात आल्याला दहा वर्षं होत आली. ‘आईंना ताटात टाकलेलं चालत नाही’ एवढंच मला माहीत होतं. त्या टाकलेल्या तुकड्यामागं काय आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझा हट्ट एका लग्नातल्या टोमण्यातून आलेला, त्यांचा एका दुष्काळातून. आणि दोन्हींचं ओझं त्या एवढ्याशा तोंडावर!

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, “आई, तुमचं पुरे खोटं होतं, कारण भाकरी एकच होती. हिच्यासाठी डबा भरून भाकरी आहे. हिचं पुरे खरं असू द्या ना.”

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, सासूबाईंनी बबडीच्या ताटलीत चिमणीच्या घासाएवढंच वाढलं होतं. म्हणाल्या, “थोडं वाढलं की टाकलं जात नाही. मागितलं तर आणखी देऊ.” जी युक्ती मला पुस्तकांत सापडली नाही, ती त्यांनी शोधली!

आणि तिसऱ्या दिवशी काय झालं सांगू? सासूबाई आपल्या ताटात भाकरी कुस्करून मटकीची आमटी ओतून जेवत होत्या. बबडी सरकत सरकत त्यांच्या मांडीला टेकली, त्यांच्या ताटात हात घातला आणि आपल्या हातानं अर्धी भाकरी खाल्ली. नाक, कान, केस, सगळं आमटीनं माखलं. मी तोंड पुसायला उठत होते. सासूबाईंनी डोळ्यांनीच दटावलं, “बस खाली. जेवतेय ती.”

तुमच्यासाठी चार गोष्टी

लोह वाढवायला काही महागडं लागत नाही. बाजरीची भाकरी, मटकी-मसुराची मऊ शिजवलेली उसळ, पालेभाज्या, हळीव हे सगळं आपल्या घरातलंच. त्यावर लिंबू पिळायला मात्र विसरू नका. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वानं अन्नातलं लोह अंगी चांगलं लागतं. चहा नेमका उलटं करतो, म्हणून मुलांना चहा-खारी अजिबात नको, आणि मोठ्यांनीही जेवणावर लगेच चहा घेऊ नये. ज्यांना चालतं त्यांनी अंडं, मासे, मटण जरूर द्यावं, त्यातलं लोह पटकन अंगी लागतं. आमच्याकडं सासूबाईंनी ज्वारीच्या कण्या पुन्हा सुरू केल्या आहेत. ताकात मऊ शिजवलेल्या कण्या बबडी वाटी चाटून खाते.

नवी भाजी एकदा थुंकली म्हणून यादीतून काढू नका. दहा-बारा वेळा दिसली, मोठ्यांना खाताना पाहिली, की मुलं हात लावतात. आमच्या दुधीला नवव्यांदा यश आलं! ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हा सौदाही करू नका. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

मोबाईलबद्दल काय सांगू? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांपर्यंत मुलांना पडदा दाखवूच नये, आणि पुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको. जेवताना तर मुळीच नको, कारण पोट भरल्याची खूण मुलाला कळतच नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, चिक्की, पॉपकॉर्न देऊ नका. दाण्याचं कूट द्या. द्राक्षं उभी चिरून द्या, सीताफळाच्या, बोराच्या बिया काढून द्या. हसत, रडत, पळत असलेल्या मुलाच्या तोंडात घास घालू नका. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्या, पाणी पाजू नका, तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. आवाजच बंद झाला तर मात्र क्षण घालवू नका. पुढं वाकवून, डोकं खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पाच जोरदार फटके मारा. त्यानं नाही निघालं तर मुलाच्या मागं बसून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. दोन्ही आलटून पालटून करत राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र असं दाबायचं नाही, त्याची रीत वेगळी आहे. हे वाचून येत नाही बरं का, एखाद्या डॉक्टरांकडून, नर्सकडून समोर बसून शिकून घ्या. आम्ही आमच्या इमारतीतल्या अकरा जणींनी नर्सताईंकडून उशीवर शिकून घेतलं. आमच्या सासूबाईही शिकल्या.

आणि हो, ‘मूल खात नाही’ याचा अर्थ नेहमीच ‘काळजी नको’ असा नसतो. वजनाची रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, मूल मलूल राहायला लागलं, वारंवार उलट्या किंवा जुलाब, घास गिळताना नेहमी ठसका, अंगावर पांढुरकेपणा, माती किंवा खडू खाण्याची सवय, यांतलं काही दिसलं तर शेजारणीचा सल्ला न घेता डॉक्टरांकडं जा. लोहाचं औषधही आपल्या मनानं सुरू करू नका.

आता बबडीचं हिमोग्लोबिन ११.४ आहे. वजन? तीनशे-चारशे ग्रॅमनं वाढलंय, तिच्या तिच्या चालीनं. गुटगुटीत काही झाली नाही, होणारही नाही. तिचे बाबा तरी कुठं गुटगुटीत आहेत!

एक शेवटचं सांगते, शाळेतलं. माझ्या वर्गात एक मुलगा होता. रोज मधल्या सुट्टीत डब्यातली उरलेली पोळी पाण्याच्या टाकीमागं टाकून यायचा. एकदा मी पकडलं. खाली मान घालून म्हणाला, “बाई, डबा रिकामा नाही दिसला तर आई खूप रडते.” तेव्हा मला तो लबाड वाटला होता, मी त्याला अन्नाचं महत्त्व या विषयावर भाषणही दिलं होतं! आज वाटतं, अकरा वर्षांचा तो मुलगा आईला रडू येऊ नये म्हणून पोळी टाकत होता. ‘पुरे’ म्हणायची सोय त्याला कुणी ठेवलीच नव्हती.

काल रात्री आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. बबडीनं चार घास कण्या खाल्ल्या, ताटली पुढं सरकवली आणि म्हणाली, “पुरे.” ‘र’ आता जिभेवर आलाय! मला क्षणभर चुटपुट लागली, ते ‘पुले’ गेलं म्हणून. तेवढ्यात सासूबाईंनी ताटली उचलली, तिच्यातले दोन-तीन कण बोटानं निपटून आपल्या तोंडात टाकले आणि नातीला म्हणाल्या, “बरं हो, पुरे तर पुरे. जा, हात धू.”

तुमच्या घरातलं छोटं माणूस आज काय म्हणालं? एकदा ऐकून तर बघा.